एलसीडीऐवजी टर्मिनल: स्क्रीन वर सरकते, काय करू?

प्रश्न: शिरोलीतल्या फाउंड्रीच्या कोअर ओव्हनवर (वाळूचे गाभे भाजायची भट्टी) आर्डुइनो उनो हा छोटा कंट्रोलर बोर्ड बसवलाय. तापमान, सेट-पॉइंट (हवं ते ठरवलेलं तापमान) आणि मेनू जुन्या लॅपटॉपवरच दाखवायचाय. सीरियल वेग ९६०० बॉड (सेकंदाला ९६०० बिट). प्रत्येक नवी ओळ छापली की स्क्रीन वर सरकते. आर्डुइनोच्या सीरियल मॉनिटरवर स्क्रीन पुसायचा कोड पाठवला की नुसता कचरा उमटतो.

उत्तर १: सीरियल मॉनिटरला एस्केप कोड (स्क्रीन पुसणं, कर्सर हलवणं असे हुकूम) कळतच नाहीत. पुटी किंवा टेरा टर्म हा टर्मिनल प्रोग्राम घ्या. बाइट २७ (एस्केप), मग उघडता चौकोनी कंस ‘[’, मग ‘२’ आणि कॅपिटल ‘जे’ पाठवलं की स्क्रीन पुसते; पण कर्सर जागेवरच राहतो, म्हणून बाइट २७, कंस, कॅपिटल ‘एच’ही पाठवा. हे सुरुवातीला एकदाच. नंतर बाइट २७, कंस, ‘ओळ;स्तंभ’ आणि ‘एच’ पाठवून कर्सर हव्या जागी न्या, आणि फक्त आकडा बदला. आकडा ठरावीक रुंदीत छापा, नाहीतर १०० वरून ९९ झाल्यावर शेवटचं शून्य मागं राहतं आणि ओव्हन ९९० अंशांवर दिसतो!

उत्तर २: बॉडही वाढव भावा. ९६०० ला सेकंदाला ९६० अक्षरं जातात. ८० बाय २४ ची स्क्रीन म्हणजे १९२०, सरळ दोन सेकंद. उनोचा पाठवायचा बफर (अक्षरं रांगेत थांबतात ती जागा) ६४ बाइटचा. तो भरला की प्रिंट तिथंच अडतं आणि हीटरचं कंट्रोलही थांबतं. १,१५,२०० ठेव.

उत्तर ३: बाणाची कळ तीन बाइट पाठवते: २७, कंस, ‘ए’ ते ‘डी’. एकेक बाइट वाचून कुठवर आलो ती अवस्था लक्षात ठेवा, पुढच्या बाइटची वाट बघत तिथं थांबू नका. आणि पोर्ट उघडताच उनो रीसेट होतो, त्यामुळं सेट-पॉइंट ईईप्रॉममध्ये (रीसेटनंतरही टिकणारी मेमरी) हवाच.