मदत हवी आहे : पहिला फ्रेटलेस बेस कुठला घ्यावा?

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरचा, राजारामपुरीत राहतो. सहा वर्षं चार तारांचा साधा बेस गिटार वाजवतोय, तोही फक्त हौस म्हणून. गणपतीत मित्रांबरोबर एखादा कार्यक्रम, बाकी घरीच. आता फ्रेटलेसचं, म्हणजे मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या (फ्रेट) नसलेल्या बेसचं वेड लागलंय. लहानपणी थोडं व्हायोलिन शिकलो होतो, त्यामुळे मींडेची ओढ जुनीच.

खरा घोळ रेघांचा आहे. बोर्डवर (तारा दाबतो त्या लाकडी पट्टीवर) फ्रेटच्या जागी रेघा असलेला घ्यावा की कोरा? रेघा असल्या की नजर तिथेच खिळते आणि कान आळशी होतो, असं मला वाटतं. पण सूर पाव इंच सरकला तरी बेसुरं ऐकू येणार, आणि शेजारी आधीच वैतागलेत.

दुसरं, तारा. राउंडवाउंड (वरून गोल तार गुंडाळलेल्या, खरखरीत) तारांनी रोझवूडचा बोर्ड झिजतो. फ्रेटलेससाठी नावाजलेल्या जॅको पास्टोरियसने बोर्डवर इपॉक्सीचा कडक थर चढवला होता, तो याचसाठी. मग सुरुवातीला फ्लॅटवाउंडच (चपटी पट्टी गुंडाळलेल्या, गुळगुळीत) बऱ्या का? पण मग फ्रेटलेसचा तो गुणगुणता, नाकातला आवाज कमी होतो म्हणे.

बजेट पंचवीस-तीस हजार. स्क्वायर कंपनीचा जुना मिळाला तर बघू म्हणतोय. नाहीतर माझ्याच बेसचे फ्रेट काढून खाचा लाकडाच्या पट्ट्यांनी भरायच्या. मिरज जवळच आहे, तिथे सतार-तंबोऱ्याचे कसबी कारागीर आहेत, पण बेसच्या मानेला त्यांच्यापैकी कुणी हात लावलाय का? कुणी असं करून घेतलं असेल तर खर्च किती आला आणि मान वाकली का, तेवढं सांगा राव.