९६ टक्के नेमके कशाचे?
प्रकाश-उत्प्रेरकाची, म्हणजे प्रकाशाच्या ऊर्जेने पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजनमध्ये विघटन घडवणाऱ्या पदार्थाची, कार्यक्षमता ९६ टक्क्यांवर पोहोचली असेल, तर पाण्यापासून मिळणारा हायड्रोजन अजून स्वस्त का झाला नाही, हा प्रश्न रास्त आहे. मात्र तो आकडा कशाचा आहे, हे आधी पाहायला हवे. २०२० मध्ये जपानी संशोधकांनी ॲल्युमिनियम मिसळलेल्या स्ट्रॉन्शियम टायटॅनेटवर मिळवलेली ही कार्यक्षमता (पडलेल्या प्रकाशकणांपैकी किती कामी आले, याचे प्रमाण) ३५० ते ३६० नॅनोमीटर तरंगलांबीच्या, म्हणजे अतिनील, प्रकाशापुरती आहे, आणि जमिनीवर पोहोचणाऱ्या सौरऊर्जेत अतिनील किरणांचा वाटा जेमतेम ४-५ टक्के असतो. याच प्रकारच्या पदार्थाचे १०० चौरस मीटरचे फलक जपानी रसायनशास्त्रज्ञ काझुनारी डोमेन यांच्या गटाने उघड्यावर चालवले, तेव्हा सौरऊर्जेचे हायड्रोजनमध्ये रूपांतर जास्तीत जास्त ०.७६ टक्के झाले.

मग दृश्य प्रकाश शोषणारा पदार्थ का घेऊ नये? पाण्याच्या विघटनाला तत्त्वतः १.२३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (ऊर्जेचे सूक्ष्म एकक) पुरतात आणि तेवढी ऊर्जा दृश्य प्रकाशाच्या कणातही असते हे खरे, पण पदार्थाच्या ऊर्जापट्ट्यांच्या (त्यातल्या इलेक्ट्रॉनांना शक्य असलेल्या ऊर्जापातळ्यांच्या) कडाही हायड्रोजन आणि ऑक्सिजन या दोहोंच्या निर्मितीला अनुकूल जागी असाव्या लागतात. शिवाय कॅडमियम सल्फाइडसारखा पदार्थ प्रकाशात स्वतःच गंजतो, कारण पाण्याऐवजी त्यातल्या सल्फाइडचेच ऑक्सिडीकरण होते. माझ्या मते खरी कोंडी इथे आहे.

तरीही डोमेन यांच्या प्रयोगाला मी अपयश म्हणणार नाही. हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र बाहेर पडत असताना, त्या स्फोटक मिश्रणातून हायड्रोजन पटलाच्या (वायू गाळणाऱ्या पातळ पडद्याच्या) साहाय्याने वेगळा करत ही यंत्रणा कित्येक महिने सुरक्षित चालली, याचे मोल मला फार वाटते.