शंकू पाव वर्तुळाचा घ्या

नाताळचं कागदी झाड करायला अर्धवर्तुळ गुंडाळून शंकू करा, असं कुणीतरी लिहिलंय. चूक नाही, पण झाड बसकं होतं. २० सेंमी त्रिज्येच्या अर्धवर्तुळाचं बूडही २० सेंमी रुंद, म्हणजे उलटं नरसाळंच! तेवढ्याच त्रिज्येचं पाव वर्तुळ घेतलं की बूड १० सेंमी आणि उंची १९च्या वर.

आम्ही सांगलीत गणपतीच्या मखरातून उरलेल्या हिरव्या क्रेप कागदाची झालर लावली. पट्ट्या खालून वर चिकटवायच्या, कौलं घालतात तशा. लेकीने वरून सुरुवात केली आणि प्रत्येक पट्टीची डिंकाळलेली कड दिसत राहिली. डिंकात पाणी मात्र घालू नका, क्रेपचा रंग सुटतो. माझी नखं नाताळ उलटला तरी हिरवी होती.