पावसाळी पास्ता: क्रीम हवंच का?

कढीपत्ता:
पाऊस लागला की पांढऱ्या सॉसमध्ये बुडलेल्या पास्त्याचे फोटो सुरू होतात. माझं स्पष्ट मत, तो खाऊन माणूस आडवा होतो. हलकं पण पोटाला बरं वाटणारं हवं असेल तर रोमकडे करतात तो 'पास्ता ए चेची' करा. काबुली चणे रात्रभर भिजवून कुकरला अगदी मऊ शिजवा. ते पाणी ओतून देऊ नका. ऑलिव्ह तेलात ठेचलेला लसूण, रोझमेरीची काडी आणि चमचाभर टोमॅटो प्युरी परता. लसूण लाल होऊ द्यायचा नाही, वास सुटला की पुरे. निम्मे चणे वाटून, निम्मे अख्खे, वर ते पाणी आणि मीठ. खळखळ उकळलं की त्यातच दितालीनी, म्हणजे त्या बुटक्या नळ्या, कच्च्याच सोडा. पास्त्याचा स्टार्च रश्श्यात उतरतो आणि थेंबभर क्रीम न घालता दाटपणा येतो.

ठसका:
छोल्यात शेवया झाल्या या! पास्ता भरपूर पाण्यात वेगळा उकडायचा, १०० ग्रॅमला १ लिटर. रश्श्यात टाकलात की लगदा. आणि भिजून घरी आल्यावर चणे कोण चघळत बसेल? तेव्हा लोणी-चीजच हवं. आल्फ्रेडो, म्हणजे तो लोणी-चीजचा पास्ता, उगाच जगभर गेला नाही.

कढीपत्ता:
ज्याच्या नावाने तो ओळखला जातो त्या आल्फ्रेडो दी लेलिओच्या रोममधल्या फेत्तुचीनेत, म्हणजे चपट्या पट्ट्यांच्या पास्त्यात, क्रीम नव्हतंच हो. लोणी, पार्मेजानो चीज आणि पास्त्याचं गरम पाणी, एवढंच. क्रीम नंतर अमेरिकेत शिरलं.

ठसका:
क्रीम नसेल, पण लोणी किती ते बघा की! त्याला हलकं म्हणणार का? मग मुद्दा क्रीमचा नाहीच, तुम्हाला स्निग्ध पदार्थच नकोत.

सुंठवडा:
माझा दोघांनाही विरोध. ऐन पावसाळ्यात, अग्नी मंद असताना, रात्रीच्या जेवणाला काबुली चणे? वातूळ प्रकरण. त्यापेक्षा नापोलीचा आल्यो ए ओल्यो, म्हणजे लसूण-तेलातला पास्ता, करा. स्पॅगेटी, लसणाचे पातळ काप, सुकी मिरची, पार्सली. पास्ता उकडलेलं पाणी पळीभर घालून पॅन जोरात हलवलं की तेल-पाणी एकजीव होतं. पाणी उकळायला ठेवल्यापासून अर्ध्या तासात पानात.

कढीपत्ता:
चवीला फक्कड, मान्य. पण तो कोरडा, ताटात घेईपर्यंत निवतो. पावसात रस्सा हवा, वाटी तोंडाला लावता आली पाहिजे. वाताची भीती असेल तर फोडणीत चिमूटभर हिंग घाला.

ठसका:
हिंग! रोझमेरीसोबत! यापुढे काय, वरून ओलं खोबरं?

वऱ्हाडी ठेचा:
एवढा उपद्व्याप कशाला? वरणफळं करा. कणकेची फळं आंबटगोड वरणात शिजवायची, वर तुपाची धार. रोझमेरीसाठी पावसात दुकानं धुंडाळत फिरायला नको. बाकी ठसका, आमची फळं वरणातच शिजतात, त्यांचा लगदा झालेला अजून कोणी पाहिला नाही.

ठसका:
फळं जाड लाटलेली असतात आणि तुम्ही ती लगेच वाढता. पास्ता दहा मिनिटं झाकून ठेवून बघा, सगळा रस्सा पिऊन बसतो. पाहुणे उशिरा आले तर चमचा उभा राहील.

कढीपत्ता:
हे मात्र खरं. म्हणून चण्याचा रस्सा आधी करून ठेवायचा, पास्ता माणसं पानावर बसायच्या बेतात टाकायचा. शेजारी कढत पाणी तयार ठेवा, दाटलं की अर्धी वाटी सोडा. वरणफळांना माझा विरोध नाही, पण त्यांना वरण घोटा, कणीक मळा, लाटा. इथे चणे शिजलेले असले की अर्ध्या तासाच्या आत काम होतं.

सुंठवडा:
बरं, हिंगासकट करून बघते. घरी दितालीनी नाही, स्पॅगेटी आहे. मोडून घातली तर चालेल?

ठसका:
स्पॅगेटी मोडायची?!

कढीपत्ता:
चालेल. सूपात घालायला इटलीतही मोडतात. बोटाच्या पेराएवढे तुकडे करा आणि फडक्यात गुंडाळून मोडा, नाहीतर ओटाभर उडतील.