दंगल शहरात झाली, मग आपल्या गावच्या पोरांचं काय?

पूर्णाकाठ
काल इथं एका भावानं लिहिलं, "दंगली शहरातल्या, पेटवणारे बाहेरचे, खेड्यात सगळे गुण्यागोविंदानं राहतात. शहरात दोन शांतता फेऱ्या काढा, दोन्हीकडच्या पोरांचा क्रिकेटचा सामना लावा, सहा महिन्यांत सारे विसरतात." वाचून डोकं तापलं, म्हणून लांब लिहितो.

बाहेरचे म्हणजे कोण? अंजनगाव, दर्यापूर, चांदूरबाजारकडून अमरावतीला नाहीतर परतवाड्याला खोली करून राहणारी आपलीच पोरं. १२ नोव्हेंबर २०२१ ला अमरावतीत त्रिपुराच्या घटनांविरुद्ध मोर्चा निघाला, दगडफेक झाली. दुसऱ्या दिवशी बंद, जाळपोळ, संचारबंदी, इंटरनेट बंद. एप्रिल २०२२ मध्ये अचलपूरला दुल्हा दरवाजावरच्या झेंड्यावरून राडा. मे २०२३ मध्ये अकोला, मार्च २०२५ मध्ये नागपूर. दर वेळी दोन-चार दिवसांनी आपल्या तालुक्यातल्या कुठल्या तरी घरी पोलिसांची गाडी येते, आणि गाव म्हणतं, "दंगल तर शहरात झाली ना?"

शांतता समितीची बैठक मी पाहिली आहे. सणाच्या आठ दिवस आधी ठाण्यात चहा, माजी सरपंच, दोन व्यापारी, मशिदीचे विश्वस्त, मंडळाचे अध्यक्ष. पंचविशीच्या आतला माणूस औषधालाही नाही. ज्यांच्या हातात दगड जातो त्यांना कोणी बोलावतच नाही.

आणि एकत्र येण्याचं म्हणाल तर आमच्या गावच्या रस्त्यावर पहाटे अंधारात पोलीस भरतीची पोरं धावतात. दोन्हीकडची. १६०० मीटरची वेळ एक लावतो, गोळा दुसऱ्याच्या घरचा, प्रश्नसंच तिसऱ्याचे. त्यांना कोणी फेरी काढून जोडलं नाही, एकमेकांची गरज होती म्हणून ती जुळली. गावाला काही करायचं असेल तर धावायला जागा द्या, अभ्यासिकेला खोली आणि दिवा द्या, आणि ते वर्षभर चालवा. एका रविवारच्या सामन्यानं काही होत नाही.

मोर्शी रोड
तुमच्या पोस्टमध्ये पोरंच पोरं आहेत. ज्याचं दुकान जळलं तो कुठं आहे?

माझ्या मेहुण्याचं दुकान गेलं. पंचनामा झाला, फोटो काढले, कागदावर सह्या घेतल्या. विमा होता, पण त्या पॉलिसीत दंगलीचं नुकसान धरलेलंच नव्हतं, हे त्याला दुकान जळल्यावर समजलं. आज तो दुसऱ्याच्या दुकानात बिलं फाडतो. जाळणाऱ्यांपैकी एकाचा चेहरा त्याला ओळखीचा आहे. तो पोरगा समोरून जातो, कधी कधी हसतोही. अशा माणसाला मी एकोपा शिकवायला जाऊ? आधी शिक्षा, आधी भरपाई. अभ्यासिका मग बांधा.

मास्तर, दर्यापूर
शिक्षेबद्दल एक सांगतो, एम.ए.च्या पोरांना हे शिकवलं आहे. २००१ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये ओल्डहॅम, बर्नली, ब्रॅडफर्ड या गिरण्यांच्या शहरांत दंगली झाल्या, गोरे आणि पाकिस्तानी-बांगलादेशी वस्त्यांतली पोरं आणि पोलीस. ब्रॅडफर्डला पोलिसांनी फोटो छापले, आणि कित्येक आईबापांनी आपल्याच पोरांना ठाण्यात नेऊन हजर केलं. त्यांना वाटलं, खरं बोलल्याचा मान राहील. पोरांना वर्षानुवर्षांच्या शिक्षा झाल्या. त्या वस्तीत पुढं कोणता बाप पोलिसांकडे जाईल?

त्याच वर्षी सरकारनं नेमलेल्या टेड कँटल यांच्या अहवालानं मूळ दुखण्यावर बोट ठेवलं: शेजारी राहूनही या लोकांची आयुष्यं समांतर चालतात, शाळा वेगळ्या, वस्त्या वेगळ्या, कुठं गाठच पडत नाही. मग ब्रॅडफर्डमध्ये वेगवेगळ्या वस्त्यांतल्या शाळांच्या जोड्या लावून मुलांना वर्षभर भेटवायला सुरुवात झाली.

मोर्शी रोड
मास्तर, तिथं शिक्षा जास्त झाली म्हणून लोक चिडले. इथं शिक्षा होतच नाही. दोन्ही एकच कसं?

कपाशीवाला
काऊन बाप्पा इंग्लंडले गेले तुमी? इथं पाहा ना. सरकारचा कापसाचा हमीभाव २०२४-२५ ले मध्यम धाग्याचा क्विंटलले ७१२१, लांब धाग्याचा ७५२१. व्यापाऱ्यानं त्याच्या खालीच मागतला. सोयाबीनचा ४८९२, तोबी मिळाला नाई. पोट्टा बारावी झाला, घरी बसून रायला, बापाच्या हाती पैसा नाई, लग्न होत नाई. असा पोट्टा कोनाच्याबी मांगं जाते. भाव द्या, दंगल आपोआप बंद होते.

पूर्णाकाठ
काका, भावाचं दुखणं खरं आहे, मीही तोच कापूस विकतो. पण भाव पडलेला असतानाही हजारो पोरं दगड उचलत नाहीत. आणि ज्यांनी उचलला त्यांत खात्यापित्या घरचेही होते.

अचलपूरकर
शांतता समितीला सरसकट नावं ठेवू नका. १९८४ ला भिवंडी जळाली. १९८८ मध्ये सुरेश खोपडे तिथं पोलीस उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ला समित्या बांधल्या. त्यांत पुढारी नव्हते. गल्लीतली साधी माणसं, दोन्ही समाजांची, आणि बैठक घ्यायची जबाबदारी त्या भागाच्या हवालदारावर. विषय काय, तर नळ, गटार, भाडेकरू, नवरा-बायकोची भांडणं. १९९२-९३ ला मुंबई पेटली तेव्हा शेजारची भिवंडी शांत राहिली. समिती वाईट नसते, तुम्ही तिथं कोणाला बसवता त्यावर आहे.

आमच्याकडे संचारबंदीत सगळ्यात आधी कोण बाहेर पडलं? दूधवाला, पाववाला आणि दवाखान्यात नेणारा ऑटोवाला. त्यांना कधी समितीत घेतलं का?

पूर्णाकाठ
भिवंडीचं मान्य. पण ते वर्षानुवर्षं, रोजच्या भांडणांवर चाललं म्हणून जमलं. सणाच्या आठ दिवस आधी नाही. म्हणजे माझंच म्हणणं झालं.

लेक वऱ्हाडची
मास्तरांनी समांतर आयुष्यं म्हटलं म्हणून लिहिते. त्यासाठी ब्रॅडफर्डला जायची गरज नाही. आमच्या गावात जिल्हा परिषदेची मराठी शाळा आणि उर्दू शाळा यांच्यात एक भिंत आहे. सुट्टी वेगळी, मधली घंटा वेगळी, गॅदरिंग वेगळं. मी दहावीपर्यंत भिंतीपलीकडच्या एकाही मुलीशी बोलले नव्हते. पहिली मैत्रीण अमरावतीच्या वसतिगृहात झाली, आणि ती माझ्याच गावची निघाली. भाषा ज्यानं त्यानं आपली शिकावी, त्याला विरोध नाही. पण खेळाचा तास, विज्ञानाचं प्रदर्शन, सहल एकत्र घ्यायला कोणत्या जीआरची वाट पाहायची?

आणि पूर्णाकाठदादा, तुमच्या पहाटेच्या रस्त्यावर मुली किती?

जामोद
मुलींचं नंतर बोलू. मुद्दा भरतीचा निघाला म्हणून सांगतो, दादा फार गोड चित्र रंगवतात. माझा भाऊ तीन वर्षं धावला. दंगलीच्या दिवशी तो खोलीवरून मेसला जात होता, जमावाच्या व्हिडिओत दिसला. बेकायदा जमावाचं कलम लागलं की जमावातल्या एकानं केलेलं सगळ्यांच्या माथी, जुन्या कायद्यात १४९, आता न्याय संहितेत १९०. जामीन मिळाला, खटला उभाच राहिला नाही. मैदानी निघाली, लेखी निघाली, चारित्र्य पडताळणीत नाव आलं. संपलं. आता चाकणला कंपनीत आहे. त्याला अभ्यासिकेचा दिवा काय दाखवता?

मोर्शी रोड
व्हिडिओत दिसला म्हणता, मग तिथं उभा का होता? माझ्या मेहुण्याचं दुकान पण कोणी तरी "मेसला जाताना" जाळलं काय?

जामोद
तोंड सांभाळून बोला. त्याच्या हातात जेवणाचा डबा होता, व्हिडिओत तोही दिसतो. तुमच्या मेहुण्याचं नुकसान झालं याचं वाईट वाटतं, पण म्हणून शंभर पोरांना एकाच दोरीनं बांधायचं?

वकील, खामगाव
दोघांनीही दम घ्या. अवतार सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये सांगितलं की नुसता गुन्हा नोंद आहे म्हणून डोळे झाकून नोकरी नाकारू नका, गुन्ह्याचं स्वरूप आणि पद पाहून ठरवा. पण माहिती लपवली तर बाजू पडते. म्हणून पोरांना पहिलं सांगणं, फॉर्मवर खरं लिहा. कितीतरी जण सायबर कॅफेवाल्याच्या सल्ल्यानं "नाही"वर खूण करतात आणि तिथंच फसतात. दुसरं, गुन्ह्याच्या दिवशी वय अठराच्या आत असेल तर बाल न्याय कायद्याच्या कलम २४ प्रमाणे त्यापायी पुढं अपात्रता येऊ नये. शाळा सोडल्याचा दाखला जपून ठेवा.

जामोद
वकीलसाहेब, निकाल ठीक आहे. तो निकाल घेऊन नागपूर खंडपीठात जायचं तर फी, गाडीभाडं, तारखा. खंडणी न घेता लढणारे किती वकील आहेत?

वकील, खामगाव
खंडणी हा शब्द मागे घ्या. विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्याला. तिथपर्यंत पोरं पोचत नाहीत हे मात्र खरं, आणि आम्हीही खेड्यात शिबिर घेतो तेव्हा सातबारा-वारसावरच बोलतो. पुढच्या शिबिरात हा विषय घेईन.

जामोद
मागे घेतला. शिबिराची तारीख टाका.

मोर्शी रोड
म्हणजे आरोपीला मोफत वकील, पडताळणीत सवलत, अभ्यासिका. आणि ज्याचं जळलं त्याला काय? अकोल्याच्या दंगलीतल्या जखमी मुलाची तक्रार नोंदवली नाही म्हणून त्याला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. सप्टेंबर २०२५ मध्ये कोर्टानं हिंदू आणि मुस्लिम दोन्ही अधिकारी घेऊन तपास पथक नेमायला सांगितलं, मग त्याच्या फेरविचारात दोन न्यायमूर्तींची मतं वेगळी झाली. मी कोणत्या समाजाचा हे इथं अर्ध्या लोकांना माहीत नाही, आणि ते मुद्दाम लिहीत नाही. तक्रारच घेतली जात नसेल तर जो तो आपल्या गल्लीतल्या दादाकडेच जाणार. पोरं तिथूनच त्याच्या हाताला लागतात.

पूर्णाकाठ
हे मात्र पटलं. पोरं दादाकडे का जातात, याचं एवढं सरळ उत्तर या धाग्यात दुसऱ्या कोणी दिलं नाही. तरी शिक्षा होईपर्यंत थांबायला मी तयार नाही. खटला दहा वर्षं चालला तर तोवर दुसरी पिढी दगड उचलण्याच्या वयात येते.

संत्राबाग
व्यापाराचं कोणी बोललंच नाही. नोव्हेंबर २०२१ म्हणजे संत्र्याच्या आंबिया बहाराची तोड. माझी बाग परतवाड्याच्या बागवानानं घेतली होती, इसार दिलेला. संचारबंदी लागली, नेट बंद, पैसे अडकले, फळ झाडावर. गावातल्या दोघांनी येऊन सांगितलं, त्याला माल देऊ नको. मी दिला. संचारबंदी उठताच तो माणूस स्वतः ट्रक घेऊन आला, दर तोच ठेवला, गळलेलं फळही मोजून घेतलं. आज त्याचा मुलगा आणि माझा मुलगा मिळून कलमांची नर्सरी चालवतात. माल देऊ नको म्हणणाऱ्या त्या दोघांनी माझ्याशी बोलणं टाकलं ते टाकलंच.

कपाशीवाला
दर तोच देल्ला म्हंता? कापसाच्या व्यापाऱ्यानं कधी देल्ला नाई मले. पन बोलनं टाकलं ते वाईट झालं. आमच्या तुकडोजी महाराजायच्या सामुदायिक प्रार्थनेत सारे एका पंगतीत बसत. आता प्रार्थनेले म्हातारेच येतात. पोट्टे मोबाईल घेऊन पारावर.

मास्तर, दर्यापूर
काका, पोरांना प्रार्थनेला बोलावतं कोण? खंजिरी त्यांच्या हातात दिली का कधी? अमरावती जिल्ह्यातच मोझरी आहे, महाराजांचा गुरुकुंज आश्रम आहे, आणि आपण मात्र वारसा कार्यक्रमपत्रिकेवर छापतो.

पूर्णाकाठ
माझ्यापुरतं सांगतो. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मी ठराव मांडणार: जुन्या शाळेची रिकामी खोली अभ्यासिकेला, वीजबिल ग्रामपंचायतीनं भरायचं, आणि देखरेखीला दोन्ही शाळांची माजी मुलं. २००७ ला आर. आर. पाटलांच्या काळात तंटामुक्त गाव मोहीम आली तेव्हा आमच्या समितीनं बांधाचे तंटे खरंच मिटवले होते, तिच्यात आता तिशीच्या आतले निम्मे सदस्य घ्यावेत, हाही ठराव.

मोर्शी रोड
करा. माझा भाचा त्या खोलीत बसेल. पण देखरेखीला नेमलेल्या पोरांची नावं आधी गावासमोर वाचा. ज्याच्यावर जाळपोळीचा खटला चालू आहे त्याला किल्ली देऊ नका, अभ्यासाला येऊ द्या. एवढं तरी माझं ऐका.

जामोद
जाळपोळीचा म्हणालात, नुसता जमावाचा नाही. एवढा फरक केलात हेच पुष्कळ.

लेक वऱ्हाडची
माझ्या प्रश्नाला अजून कोणी उत्तर दिलं नाही. भरतीत मुलींना ८०० मीटर असतात. आमच्याकडच्या चार मुली शेताच्या धुऱ्यावर धावतात, कारण रस्त्यावर तुमचे हे एकजुटीचे पोरगे शिट्ट्या मारतात. ठरावात मुलींची वेळ लिहा, संध्याकाळी ४ ते ७ खोली फक्त त्यांची, आणि किल्ली दोघींकडे, एक मराठी शाळेची, एक उर्दू शाळेची. ते नसेल तर ग्रामसभेत मी विरोधात हात वर करणार, आणि बचत गटाच्या बायका माझ्यासोबत असतील.

पूर्णाकाठ
वेळ लिहितो. शिट्ट्यांचं उद्या पहाटे रस्त्यावरच बोलतो. दोघींची नावं पाठवा.