४४एडीए : खर्च पस्तीस हजारांचा, वजावट दोन लाखांची?

रात्रपाळी
अंबड एमआयडीसीत टूल डिझाइनला आहे, पगार वर्षाला ९ लाख. एप्रिलपासून रात्री जेवणं झाली की ओट्यावर लॅपटॉप मांडून सातपूरच्या वर्कशॉपवाल्यांना जिग-फिक्श्चरची ड्रॉइंग करून देतो. २०२५-२६ मध्ये त्याचे ४ लाख २० हजार होतील. दोन प्रायव्हेट लिमिटेड पार्ट्यांनी २ लाख ६० हजारांवर १० टक्के टीडीएस कापलाय, म्हणजे २६ हजार. बाकीचे प्रोप्रायटर, ते काही कापत नाहीत.

कलम ४४एडीए म्हणतं, इंजिनिअरिंगच्या व्यवसायात जमेचा निम्मा भाग उत्पन्न धरा, वह्या ठेवायची गरज नाही. म्हणजे माझे २ लाख १० हजार. पगारातून ७५ हजारांची प्रमाणित वजावट गेली की उरतात ८ लाख २५. बेरीज १० लाख ३५. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत रिबेट, म्हणून कर शून्य आणि २६ हजार परत. मेहुणा म्हणतो ही चोरी, कारण माझा खरा खर्च जेमतेम ३५ हजार. कायद्यानेच दिलेलं घेतलं तर चोरी कशी?

खतावणी
चोरी नको म्हणूया, पण मेहुण्यांचा रोख बरोबर आहे. कलम ५० टक्क्यांवर थांबत नाही. त्याहून जास्त कमावल्याचं तुम्ही सांगत असाल तर ती रक्कम, असंही त्यात आहे. आयटीआर-४ या विवरणपत्रात जास्त आकडा टाकायला कोणी अडवत नाही. तुमचं खरं उत्पन्न ३ लाख ८५ हजार, एकूण १२ लाख १० हजार. १२ लाखांच्या वर गेलेले फक्त १० हजार, त्यामुळे सीमांत सवलतीने (कर त्या वरच्या रकमेहून जास्त होत नाही) कर १० हजार, सेस धरून १०,४००. तरी १५,६०० परत येतातच. एवढ्यासाठी उद्या नोटीस आली की उत्तरं कोण लिहीत बसणार?

गोदाकाठ
@खतावणी, 'सांगत असाल तर'. मी सांगतच नाही! गृहीत म्हणजे गृहीत. ही सोय आणलीच ती छोट्या माणसाला पेट्रोलच्या पावत्या जपायला लागू नयेत म्हणून. आणि उलटं बघा. माझ्या ओळखीच्या आर्किटेक्टचा खर्च ७० टक्के होता. ५० टक्क्यांहून कमी नफा दाखवतो म्हटल्यावर वह्या आणा, ऑडिट करा. तिथे सरकारला खरा आकडा पुराव्यासकट हवा. मग खर्च कमी असणाऱ्यानेच हरिश्चंद्र का व्हायचं?

मिसळ कमी तिखट
एवढा हिशोब कशाला? प्रोप्रायटरांचे १ लाख ६० हजार २६एएस मध्ये, म्हणजे कापलेल्या टीडीएसच्या सरकारी उताऱ्यात, दिसतच नाहीत. सोडून द्या.

गोदाकाठ
ही मात्र सरळ चोरी. यूपीआयने बँकेत आलेले पैसे आहेत ते. वर्कशॉपवाला ते आपल्या खर्चात टाकतो, त्याच्या वहीत यांचं नाव आहे. माझ्या बाजूने बोलू नका बुवा.

उजळणी
४४एडीएत कोणते व्यवसाय बसतात, ती यादीही बघून घ्या. मी नोकरी सांभाळून भाषांतरं करते. पार्ट्या १० टक्के कापतात, पण भाषांतर त्या यादीत नाही. पहिल्या वर्षी मी हौसेने ५० टक्के धरून मोकळी झाले, मग विवरण सुधारून भरावं लागलं. रात्रपाळींचं काम इंजिनिअरिंगमध्ये बसतं, त्यांना हा घोर नाही.

पाथर्डी फाटा
सगळे कराचंच बोलताय. मागच्या कंपनीत मी अकाउंट्सला जादा उत्पन्न कळवलं, म्हणजे टीडीएस पगारातूनच जाईल आणि ॲडव्हान्स टॅक्सची कटकट नको. आठवड्याभरात साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं, "बाहेरची कामं जोरात दिसतायत." नियुक्तीपत्रातली अट आधी वाचा. कर भरला म्हणून ती सुटत नाही. स्वतःच १५ मार्चला भरलेला बरा. ४४एडीएवाल्याला एकच हप्ता.

दुसरं, घराचं कर्ज आहे का? असेल तर कधी जुनी करप्रणाली घ्यावीशी वाटेल. नुसता पगारदार दरवर्षी जुनी-नवी करप्रणाली बदलू शकतो. व्यवसायाचं उत्पन्न आलं की तसं नाही. १०-आयईए फॉर्म भरून जुनीत गेलात तर नवीत परतता येतं एकदाच, आणि मग हे उत्पन्न चालू आहे तोवर जुनीचं दार बंद.

रात्रपाळी
कर्ज आहे, पण या पगाराला नवीच परवडते. पूर्ण ४ लाख २० हजार दाखवले असते तर कर ४६,८०० झाला असता. ते बघून घाम फुटला होता. काल कपाट उपसून बिलं काढली. सॉफ्टवेअरचं वर्षाचं भाडं, यूपीएस, सातपूरच्या फेऱ्यांचं पेट्रोल. आणि १८ हजारांचा मॉनिटर मी धरलाच नव्हता. ३५ चे ५३ हजार झाले. पटलं नाहीये पूर्ण, पण या वर्षी खराच आकडा टाकतो. मेहुण्याला सांगणार नाही.

खतावणी
मॉनिटर अख्खा खर्चात जात नाही. घसारा, म्हणजे वर्षाला किमतीचा ठरावीक भागच, ४० टक्के. यूपीएसचंही तपासा. आणि १८० दिवसांपेक्षा कमी वापरला असेल तर निम्माच, २० टक्के. कधी घेतला?

रात्रपाळी
दसऱ्याला. २ ऑक्टोबर.

खतावणी
सुरू त्याच दिवशी केला?

रात्रपाळी
झेंडू वाहिला आणि लगेच एक ड्रॉइंग पाठवलं.

खतावणी
मग ३१ मार्चपर्यंत १८१ दिवस भरतात. ४० टक्के, म्हणजे ७,२००.

गोदाकाठ
हेच म्हणत होतो मी. आता झेंडूचीही पावती जपा.