मदत हवी आहे: नदीतला ईल घरच्या टाकीत आहे, ठेवू की परत नेऊन सोडू?

नमस्कार मंडळी,

इथे फिश टँकवाले बरेच जण आहेत म्हणून विचारते. कोणी ईल, म्हणजे सापासारखा लांब मासा, पाळलाय का? दुकानात मिळतो तो फायर ईल नाही, आपल्या नदीतला. लांबलचक लिहितेय, पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्हाला नीट सांगता येणार नाही.

ऑगस्टमध्ये सासरी संगमेश्वरकडे गेलो होतो. पाऊस दोन दिवस उघडला होता आणि घरामागच्या पऱ्यात, म्हणजे छोट्या ओढ्यात, मुलं कुर्ल्या शोधत होती, तर एका दगडाखालून हा निघाला. करंगळीएवढा जाड आणि वितीपेक्षा थोडा लांब. माझी लेक सात वर्षांची, तिने ओंजळीत धरला तर तीनदा सुटला, चौथ्यांदा बादलीत आला. सासरे म्हणाले वाम आहे, सोड त्याला, पण पोरीने रडून रडून घर डोक्यावर घेतलं आणि शेवटी पाण्याच्या कॅनमध्ये घालून आम्ही तो पुण्याला आणला. तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं असं आता रोज वाटतं. तिने नाव ठेवलंय लांबू.

टाकी आमची दोन बाय एक बाय एक फूट, साधी. त्यात दुकानातून आणलेले दोन गोल्डफिश होते, पहिले तीन आठवडे सगळे एकत्रच राहिले. मग एका गोल्डफिशची शेपटी कुरतडलेली दिसली म्हणून ते दोघं शेजारच्यांना देऊन टाकले, आता हा एकटाच आहे. दिवसभर पॉवर फिल्टरच्या मागे नाहीतर खड्यांच्या कोपऱ्यात, फक्त डोकं बाहेर. रात्री लाइट बंद केला की निघतो आणि काचेला घासून वर-खाली वर-खाली करत राहतो.

आता मुख्य गोष्ट. मागच्या रविवारी सकाळी बघते तर टाकी रिकामी. वर हूड म्हणजे झाकण आहे, पण फिल्टरची वायर आणि पाइप जिथून बाहेर येतात तिथे दोन बोटांची फट आहे, तिथूनच गेला असणार. आम्ही सोफा सरकवला, चपलांचं कपाट रिकामं केलं, लेक तर एका कोपऱ्यात बसून हुंदके देत होती. शेवटी सापडला वॉशिंग मशीनच्या मागे, जिथे ड्रेनचा पाइप थोडा गळतो तिथल्या ओल्या फरशीवर. अंगाला सगळी धूळ, केस, कपड्यांचा लोकरीसारखा मळ चिकटलेला, हललाच नाही. मला वाटलं गेला. बादलीत टाकीचंच पाणी घेऊन त्यात ठेवला आणि अंगठ्याने हळूहळू तो मळ काढत बसले, बुळबुळीत अंगावरून तो निघता निघत नाही, एकेक केस सोडवावा लागत होता. दहा-एक मिनिटांनी कल्ल्यापाशी अगदी बारीक हालचाल दिसली. संध्याकाळपर्यंत पोहायला लागला. पण तेव्हापासून काही खात नाहीये आणि शेपटीपाशी एक पांढुरका डाग आलाय. दुकानात विचारलं तर त्यांनी एक निळं-हिरवं औषध दिलंय, म्हणाले दहा थेंब टाका. अजून टाकलं नाहीये, भीती वाटते.

खाण्याचं म्हणाल तर दाणे त्याने कधीच खाल्ले नाहीत. कुंडीतले गांडूळ आणि सोललेली कोळंबी, तेही चिमट्यात धरून तोंडापुढे नेलं तरच. डिसेंबरपासून तसंही कमी झालं होतं, दोन दिवसाआड एक तुकडा. लांबी आता फूटभर झालीय. तोंड बोथट आहे, खालचा जबडा किंचित पुढे, डोक्यामागे दोन छोटे पर कानांसारखे, पाठीवर पुसट चट्टे दिसायला लागलेत.

तर हा नक्की कोण आहे, किती मोठा होणार, ते औषध टाकू का, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ह्याला ठेवणं बरोबर आहे का? नवरा म्हणतो पुढच्या महिन्यात गावी जाऊ तेव्हा त्याच पऱ्यात सोडू. लेक तयार नाही, पण तिला मी समजावेन. मला फक्त त्याच्यासाठी बरं काय ते कळायला हवंय. जाणकारांनी प्लीज लिहा.

प्रतिसाद १

ताई, पाठीवरून शेपटीकडून डोक्याकडे बोट फिरवून बघा, सुटे सुटे काटे लागतात का. गोड्या पाण्यातल्या वामीला पाठीच्या पराच्या आधी काट्यांची रांग असते आणि नाकाच्या टोकाला सोंडेसारखा छोटा कोंब असतो. तुम्ही बोथट तोंड आणि पुढे आलेला जबडा लिहिलाय, म्हणजे हा बहुतेक अहेर, काही जण अहीर म्हणतात. बाजारात वाम म्हणून विकतात ती समुद्रातली, ती आणखी वेगळीच. दुकानातले फायर ईल, पीकॉक ईल हे सगळे वामीच्या नात्यातले, खरे ईल नव्हेत. अहेर खरा ईल. ह्याचा जन्म समुद्रात होतो, पिल्लं खाडीतून नदीत, नदीतून ओढ्यात चढतात, वर्षानुवर्षं गोड्या पाण्यात वाढतात आणि मोठे झाले की अंडी घालायला परत समुद्रात जातात. शास्त्री नदीपासून तुमच्या पऱ्यापर्यंत तो स्वतः चढून आलाय. चार फुटांपर्यंत वाढतो. माझं मत विचाराल तर नेऊन सोडा.

प्रतिसाद २

सोडायचा तेव्हा सोडा, आधी आज काय करायचं ते सांगतो, मी फायर ईल सहा वर्षं ठेवलाय. पहिलं म्हणजे ती फट आज रात्रीच्या आत बंद करा, स्पंज कापून घट्ट बसवा आणि हूडवर वजन ठेवा. डोकं गेलं की अख्खा ईल जातो. ओल्या फरशीवर होता म्हणून वाचला, कातडी ओली असली की त्यांना कातडीतूनही श्वास घेता येतो, कोरड्या हॉलमध्ये गेला असता तर नसता मिळाला. दुसरं, ते औषध टाकू नका. निळ्या-हिरव्या औषधात बऱ्याचदा मॅलकाइट ग्रीन नाहीतर तांबं असतं, ईलचे खवले अगदी बारीक आणि कातडीत रुतलेले असतात, त्यांना ते सोसत नाही. डाग बहुतेक खरचटल्याचा आहे, स्वच्छ पाण्याने भरतो. रोज पाव टाकी पाणी बदला, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवणारं अँटीक्लोरीन घालूनच, आणि अमोनियाचं टेस्ट किट आणा, आकडा शून्यच यायला हवा. खडे काढून बारीक धुतलेली वाळू घाला, खड्यांनी पोट सोलवटतं. दीड इंची पीव्हीसी पाइपचे वीतभर तुकडे कापून तळाला ठेवा, कडा घासून घ्या. अंग दोन्ही बाजूंनी टेकेल अशी जागा मिळाली की काचेवरचं ते वर-खाली बरंच थांबतं. आणि जानेवारीत पुण्याच्या थंडीत पाणी गार होतं तेव्हा भूक मंदावते, आठवडाभर नाही खाल्लं तरी घाबरू नका. ठेवायचाच असेल तर किमान चार बाय दीड बाय दीड लागेल, म्हणजे अडीचशे लिटर पाणी, काच आणि वाळू धरून तीनशे किलोच्या वर वजन. स्टँड कुठल्या भिंतीला लागून ठेवणार ते आधी बघा.

प्रतिसाद ३

सोडण्याबद्दल एक विनंती, घाई नको. तो तीन आठवडे दुकानातल्या गोल्डफिशबरोबर एकाच पाण्यात होता. दुकानातल्या माशांबरोबर कुठकुठले जंतू आणि परजीवी येतात आणि ते वाहत्या पाण्यात गेले की परत गोळा करता येत नाहीत. युरोपात १९८०च्या दशकात आशियातून आणलेल्या ईलबरोबर माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीत राहणारा एक जंत आला आणि तिथल्या नद्यांमधल्या ईलमध्ये पसरला. तुमच्या बाबतीत तसं होईल असं नाही, पण डाग असताना, खात नसताना तर अजिबात सोडू नका. रत्नागिरीला शिरगावात मत्स्य महाविद्यालय आहे, संगमेश्वरहून फार लांब नाही, तिथे फोटो दाखवून विचारा. आणि कुणी सांगितलं तरी पुण्यातल्या मुठा नदीत सोडू नका.

धागाकर्ती

तिघांचेही मनापासून आभार, काल रात्री सगळं वाचून काढलं.

काटे नाहीत. दोनदा बघितलं. म्हणजे अहेरच. सासऱ्यांना फोन केला तर ते म्हणाले त्यांच्या लहानपणी कोंडीत, म्हणजे नदीतल्या खोल डोहात, मनगटाएवढे जाड असायचे, रात्री कंदील घेऊन बघायला जायचे, आता कितीतरी वर्षांत त्यांना दिसलाच नाही. हे ऐकल्यावर माझं मन अजूनच त्याला परत न्यायच्या बाजूने झालंय, पण प्रतिसाद ३ पटला, त्यामुळे पुढच्या महिन्यात नाही. फोटो काढलेत, सोमवारी कॉलेजला फोन करते. ते सांगतील तेवढे दिवस ठेवेन, आणि सोडू नका म्हणाले तर मोठी टाकी घेईन. घरात तसं सांगून ठेवलंय.

फट स्पंजने बंद केली, वर दोन जाड पुस्तकं ठेवलीत. वाळू आणली, सात पाण्यांनी धुतली तरी गढूळ येत होतं. नवऱ्याने पाइपचे तीन तुकडे कापून दिले. औषधाची बाटली परत केली, त्यांनी पैसे दिले नाहीत, असू दे. अमोनियाचं किट उद्या येईल.

पाइप टाकल्यावर पाचच मिनिटांत मधल्या तुकड्यात शिरला. रात्री अकराला लेक झोपल्यावर चिमट्यात गांडूळ धरून पाइपच्या तोंडाशी नेलं, बराच वेळ काही नाही, माझा हात दुखायला लागला, मग आतून डोकं आलं आणि ओढून घेऊन गेला. अर्धंच खाल्लं. सकाळी लेकीला सांगितलं तर शाळेची बस चुकली तरी टाकीसमोरून हलेना.

एकच विचारायचं राहिलं, वाळूत त्याने तोंड खुपसलं तर फिल्टरमध्ये वाळू जाऊन मोटर बंद पडते का? फिल्टरच्या पाइपचं टोक किती वर ठेवू?